सादपाखराचं बारसं

एका राज्यात हाक मारली की ओ येत असे. माणूस जवळ असो वा नसो, ओ येत असेच. वाट चुकलेला वाटसरू रानात उभा राहून ओरडे, "कुणी आहे का?" आणि झुडपाच्या बुंध्याशी कुणीतरी म्हणे, "ओ." वाटसरूचा जीव भांड्यात पडे आणि मग वाटही सापडे. ओ देणारं ते सादपाखरू. मुठीएवढं, राखी रंगाचं, डोळ्यांवर पांढरी भुवई, शेपटीवर विटकरी पट्टा. दिसायला चिमणीहून फार देखणं नव्हे. पण त्याच्या गळ्यातली ती ओ ऐकूनच त्या राज्यातली माणसं एकमेकांना ओ द्यायला शिकली, असं जुनी माणसं सांगत.

म्हणून तिथं एक रीत होती. नवा राजा गादीवर बसला की आधी तिघांना मांडीवर घेई. एक माणसाचं मूल, एक गाईचं वासरू आणि एक सादपाखराचं पिल्लू. मांडीवर घेतलं की ते राजाचं लेकरू. आणि जोवर एकही सादपाखरू जिवंत आहे तोवर त्यांच्या सादवनाला कुऱ्हाड लावायची नाही, ही पूर्वजांची आण.

राजा मेघध्वजानंही तिघांना मांडीवर घेतलं. त्याची धाकटी बहीण वेणा तेव्हा सिंहासनाच्या पायरीवर बसून पिल्लाच्या चोचीत भिजवलेले दाणे घालत होती. आईबाप लवकर गेलेली ही दोन भावंडं. भावानंच तिला वाढवलं. महालाच्या कुठल्याही कोपऱ्यातून वेणा "दादा" म्हणे, आणि भर दरबारात राजा "ओ, वेणू, काय गं?" म्हणे. "काही नाही, सहज," असं उत्तर येई आणि दरबार पुढं चालू होई. परदेशच्या वकिलांनाही त्याची सवय झाली होती.

पुढं राजाच्या मनात सात मजली मनोरा भरला. मनोऱ्याला लाकूड हवं, लाकूड सादवनात, आणि सादवनाला आण.

प्रधान भद्रमुख म्हणाला, "महाराज, आण पाखराची. पाखरू आहे कुठं? पंडितांना विचारा."

पंडितांनी राजवाड्याच्या गच्चीवर बैठका घातल्या आणि बारा वर्षं आभाळ न्याहाळलं. सादपाखरू उभ्या जन्मात झुडपाच्या वर उडत नाही, हे त्यांच्या पोथीत लिहिलेलं होतं. पण पोथी तळमजल्यावर होती आणि जिना उतरायचा कंटाळा. बारा वर्षं सरली तेव्हा ते म्हणाले, "दिसत नाही. म्हणजे नाहीच."

बारा वर्षं बेपत्ता राहिलेल्याची पळसाच्या पानांची प्रतिमा करून ती जाळावी, असा त्या राज्याचा विधी होता. राजानं तो करायचं ठरवलं.

वेणा म्हणाली, "दादा, मेलेलं पाहिलं कुणी?"

"जिवंत पाहिलं कुणी?"

"शोधलं तरी कुणी?"

राजानं पळसाची पानं आणायला सांगितली. पळसाच्या पानांचं पाखरू झालं, चितेवर चढलं, धूर झालं. राजानं ओंजळीतून तीळ आणि पाणी सोडलं. तेराव्या दिवशी साऱ्या नगराला जेवण झालं. राजा जेवला, रयत जेवली, प्रधान दोनदा जेवला. वेणानं मात्र पान उलटं केलं. "जिवंताच्या तेराव्याला मी जेवणार नाही," म्हणाली आणि उपाशी उठली.

दुसऱ्या दिवसापासून राज्याला शाप लागला. मोठं काही झालं नाही. नदी आटली नाही, आग लागली नाही, बाजार रोजच्यासारखा भरला. हुकूम ऐकू येत, भाव ऐकू येत, दवंडी ऐकू येई. फक्त मायेनं मारलेली हाक कुणाला ऐकू येईना.

कुंभारवाड्यात तुळसा नावाची कुंभारीण दारात उभी राहून लेकीला हाका मारी, "ए चिमे, ए बाय, जेवायला चल." लेक समोर मातीत खेळत असे, मान वर करत नसे. तुळसेच्या पाठीमागं तिची सासू तुळसेला हाक मारत असे. ती तुळसेला ऐकू येत नसे. सारं नगर हाका मारत होतं आणि कुणीच ओ देत नव्हतं. हळूहळू लोकांनी हाका मारणंही सोडलं. ऐकू येत होतं ते एकट्या वेणाला, कारण ती जेवली नव्हती. एवढ्या हाका, आणि एकही तिच्यासाठी नाही.

ती दरबारात गेली. "दादा," म्हणाली. राजा मनोऱ्याचा नकाशा पाहत होता. "दादा," ती पुन्हा म्हणाली. मग जवळ जाऊन तिनं त्याची बाही ओढली.

राजानं वर पाहिलं. "काय काम आहे?"

"काम नव्हतं," वेणा म्हणाली.

त्याच दिवशी दवंडी पिटली गेली की येत्या पाडव्याला सादवनावर पहिला घाव पडेल. आणि त्याच दिवशी वेणा नगराबाहेर पडली. कुणाला सांगून जावं, असं कुणी उरलं नव्हतं.

ती आधी सादवनात गेली. गुडघ्यांवर बसली, झुडपांच्या बुंध्यांशी वाकून वाकून पाहिलं. रिकामी घरटी होती, घरट्यांत विटकरी पिसं होती, पाखरू नव्हतं. नदीकाठी एक टिटवी पाय वर करून पहुडली होती.

"बाई, अशी का झोपलीस?"

"आभाळ पडलं तर पेलायला नको?"

"आभाळ काही पडलेलं नाही."

"मी पाय वर धरलेत म्हणून," टिटवी म्हणाली. "सादपाखरं शोधतेस ना? ती मेली नाहीत. तुम्ही त्यांच्यावर पाणी सोडलंत. ज्यावर माणसं पाणी सोडतात ते सारं उदकनाथाचं होतं. ही नदी समुद्राला मिळत नाही, मुक्या माळावर वाळूत जिरते. तिथं त्याचा वाडा आहे. जा, पण दाराला कडी नाही. ते हाकेनं उघडतं."

"मग सोपं आहे."

"ओ येईल या आशेनं मारलेल्या हाकेनं उघडत नाही," टिटवी म्हणाली आणि तिनं पुन्हा आभाळाला पाय लावले.

मुक्या माळावर ना झाड, ना डोंगर, ना पडसाद. मधोमध काळ्या दगडाचा वाडा. वेणानं दारासमोर उभं राहून हाक मारली, "सादपाखरा!" आवाज गेला तो गेला. ती वाट पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी आणखी मोठ्यानं ओरडली. मग रागानं ओरडली, दारावर दगड मारले, पंडितांना आणि प्रधानाला शिव्या घातल्या. दार तसंच.

पाऊस आला आणि गेला. थंडी आली. वेणा नदीच्या ओल्या वाळूत झिरे खणून पाणी पिई, मुळं भाजून खाई. बोलायला कुणी नसल्यानं तिला स्वतःचा आवाज परका वाटू लागला. कधी कधी ती आपल्या सावलीला म्हणे, "सरक गं जरा." सावली सरके, तेवढंच बरं वाटे. हाक मात्र तिनं चुकवली नाही. पुढं पुढं हाक मारून ती कान देईनाशी झाली. तिन्हीसांजेला घरात दिवा लावावा, कुणी येवो न येवो, तशी ती हाक मारी आणि वळे.

अशीच एकदा हाक मारून ती वळली, तेव्हा पाठीमागं दार उघडलं होतं.

आत उदकनाथ बसला होता. दाढी पांढरी, डोळे लहान मुलासारखे. त्याच्याभोवती खजिना पसरला होता. त्यात सोडून दिलेली सिंहासनं होती, मोडलेली वचनं होती, विसरलेली गाणी होती, वाटणीत गमावलेली शेतं घड्या घालून ठेवलेली होती. छताखाली सादपाखरं बसली होती. चोची मिटलेल्या, डोळे उघडे.

"पहिलं काम झालं," उदकनाथ म्हणाला. "तीन कामं केलीस की पाखरं तुझी. दुसरं. हा खजिना झाड. यात तुझंही काही असेल. उचललंस तर तेवढंच घेऊन जावं लागेल."

वेणानं केरसुणी घेतली. झाडता झाडता एका सिंहासनामागं तिला एक छोटा शंख दिसला. तिनं कान जवळ नेला. शंखात तिच्या भावाचा आवाज होता. "ओ, वेणू, काय गं?"

तिनं केरसुणी खाली ठेवली.

"उचल," उदकनाथ म्हणाला. "घरी जा. तुझा भाऊ जन्मभर तुला ओ देईल. बाकीच्यांचं तुला काय? त्यांनी तुला पाणी तरी विचारलं का?"

वेणा शंखापाशी बसून राहिली. तिला कुंभारवाड्यातलं ते दार दिसलं, ती हाक मारणारी तुळसा दिसली, मातीत खेळणारी चिमी दिसली. तिला वाटलं, दादा ओ देईल आणि बाहेर साऱ्या नगराच्या हाका तशाच पडत राहतील. मग मला ती ओ ऐकवेल का? तिनं शंखाभोवतीचा केर काढला, शंख पदरानं पुसला आणि जागच्या जागी ठेवला.

"दुसरं काम झालं," उदकनाथ म्हणाला, पण त्याचा आवाज जरा उतरला होता. "तिसरं. सूर्य मावळेपर्यंत इथं बस. कुणीही हाक मारो, ओ द्यायची नाही. दिलीस तर तूही याच खजिन्यात राहशील." एवढं बोलून तो भिंतीला टेकला आणि दुपारची डुलकी घेऊ लागला.

मग खजिना बोलू लागला. सिंहासनांनी हाका मारल्या, गाण्यांनी हाका मारल्या. वेणा गप्प बसली. तिची मेलेली आई कुठूनशी म्हणाली, "वेणू, पानं वाढलीत, चल गं." वेणानं पदराचा बोळा दातांत धरला. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं, उंबरा ओलांडून जाऊ लागलं. आता थोडाच वेळ उरला होता.

तेवढ्यात झोपेत उदकनाथ बारीक आवाजात म्हणाला, "आई."

वेणानं मान वळवली.

"आई गं," तो पुन्हा म्हणाला. आवाज म्हाताऱ्याचा नव्हता. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या पोराचा होता.

वेणानं मावळत्या उन्हाकडं पाहिलं, छताखालच्या पाखरांकडं पाहिलं. हाक ऐकून गप्प बसायचं, हीच अट ना? मग आपल्या राज्यात आणखी काय चाललंय? असल्या अटीनं मिळालेलं पाखरू कुणाला ओ देणार आहे?

तिनं तोंडातला पदर काढला. "ओ, बाळा," म्हणाली.

उदकनाथ जागा झाला. "हरलीस," म्हणाला.

"हो."

"माहीत होतं, तरी ओ का दिलीस?"

"तू हाक मारलीस."

उदकनाथ भिंतीपासून सरकून तिच्यापुढं बसला. मग म्हणाला, "लहानपणी मी पुरात वाहून गेलो. घरी परतलो तेव्हा माझी पळसाची प्रतिमा जाळून झाली होती, माझ्या तेराव्याच्या पंगती बसल्या होत्या. मी दारात उभा राहून आईला हाका मारल्या. ती वाढत होती. तिनं ऐकलं नाही. जिवंतपणी जाळलेल्याला पुन्हा जन्मावं लागतं, पोरी. माझ्यासाठी कुणी पुन्हा पाळणा बांधला नाही." तो उठला आणि त्यानं ओंजळीत पाणी घेतलं. "अट माझीच आहे. तिच्यावर मी पाणी सोडतो. ने तुझी पाखरं."

वेणाला घाई झाली होती. पाडवा तोंडावर आला होता. त्याचं बोलणं तिनं कानानं ऐकलं, मनानं ऐकलं नाही. एक पाखरू तिनं ओच्यात घेतलं. बाकीची तिच्या मागोमाग उडत निघाली.

पाडव्याच्या सकाळी कुऱ्हाडी घासून तयार होत्या. वेणा धुळीच्या पायांनी दरबारात शिरली आणि राजापुढं ओंजळ धरली. "महाराज, हे पाहा सादपाखरू. जिवंत आहे. आण मोडू नका."

राजानं ओंजळीत पाहिलं. पंडितांनी वाकून पाहिलं.

"रिकामी आहे," राजा म्हणाला.

"राजकन्येच्या हाती वारा लागला वाटतं," प्रधान म्हणाला. "जपून धरा हो, उडेल." दरबार हसला.

पाखरू तिच्या तळहातावर बसलं होतं, उबदार, डोळे मिचकावत, मुकं. वेणाला कळून चुकलं. तेराव्याला जेवलेल्यांना ते दिसणार नाही. माझ्याजवळ सत्य आहे, एवढंच पुरेल असं ती समजली होती. आणि मग तिला उदकनाथाचं बोलणं आठवलं, जिवंतपणी जाळलेल्याला पुन्हा जन्मावं लागतं.

ती सरळ उभी राहिली. हाक ऐकू येत नसली तरी राजाला कायदा ऐकू येत होता.

"महाराज, गादीवर बसताना आपण सादपाखराला मांडीवर घेतलंत की नाही?"

"घेतलं."

"म्हणजे ते आपलं लेकरू. मग आपली बहीण त्याची कोण?"

राजानं प्रधानाकडं पाहिलं. प्रधानानं पंडितांकडं पाहिलं. पंडित म्हणाले, "आत्या."

"आत्येनं नाव ठेवल्याशिवाय राजाच्या लेकराचं बारसं होत नाही, आणि बारसं असेल त्या दिवशी राजा कुठंही शस्त्र उचलू देत नाही. रीत आहे. मी आज बारसं मागते."

"पाखराचं बारसं!" प्रधान म्हणाला. "तेही न दिसणाऱ्या! मग घुगऱ्या तरी दिसतील ना?"

"पोटभर दिसतील."

"मग माझी हरकत नाही," प्रधान म्हणाला.

वेणानं चौकात पाळणा बांधला. गव्हाच्या आणि हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या. तिनं पाखराला तूप लावून कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं. लोक जमले, पण बायका लांबच उभ्या राहिल्या. बाळाला पाळण्याच्या वरून एकीनं द्यायचं आणि खालून दुसरीनं घ्यायचं असतं. वेणानं पाळण्यावरून हात पुढं केले. पलीकडं घ्यायला कुणी नव्हतं. मुक्या माळावर तिला जेवढं एकटं वाटलं नव्हतं तेवढं त्या भरल्या चौकात वाटलं. तिनं हात मागं घेतले आणि एकटीच पाळणा हलवू लागली.

गर्दीतून तुळसा कुंभारीण तरातरा पुढं आली. "थांबा बाईसाहेब. रिकामा पाळणा हलवू नये, घरादाराला बाधतं. आणा इकडं, काय असंल नसंल ते." तिनं मातीनं भरलेले हात पाळण्याखाली धरले.

वेणानं पाखरू तिच्या हातांत दिलं.

तुळसा चपापली. "अगं बाई. कोमट लागतंय काहीतरी."

"काय लागतंय?" बायका पुढं सरकल्या.

"धडधडतंय. या गं, हात लावून बघा. ए भवाने, ढकलू नको, पडंल ते!"

मग बायकांनी पाळण्याला कोंडाळं केलं. वेणानं पाखराच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. बायका "कुर्र" म्हणाल्या आणि त्यांनी आत्येच्या पाठीत असे धपके घातले की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांनी माणसाचा हात तिच्या पाठीला लागला होता.

घुगऱ्या वाटल्या गेल्या. तेराव्याचं जेवण ज्यांच्या पोटात होतं, त्यांच्या पोटात बारशाच्या घुगऱ्या गेल्या. प्रधानानं दोन मुठी खाल्ल्या, तिसरीला थांबला आणि पाळण्याकडं बोट दाखवून म्हणाला, "हे... हे कुठून आलं?" पाळण्याच्या दोरीवर राखी रंगाचं एक पाखरू बसलं होतं. डोळ्यांवर पांढरी भुवई, शेपटीवर विटकरी पट्टा.

गर्दीच्या कडेला पांढऱ्या दाढीचा, लहान मुलासारख्या डोळ्यांचा एक म्हातारा उभा होता. त्याला कुणी येताना पाहिलं नव्हतं. घुगऱ्या खाऊन तो वेणापुढं वाकला आणि त्यानं आपला कान पुढं केला. "मीही प्रजेतलाच," म्हणाला. वेणानं त्याच्याही कानात एक नाव सांगितलं. तुळसेनं आत्येच्या पाठीत आणखी एक धपका घातला. म्हातारा डोळे पुसत तुळसेच्या सासूच्या शेजारी जाऊन बसला, आणि त्याला कुणी ऊठ म्हणालं नाही.

इकडं तुळसेनं सवयीनं आवाज दिला, "ए चिमे, घुगऱ्या खायला ये गं."

"ओ, आये, आले," चिमी म्हणाली.

तुळसा हातातलं भांडं घेऊन तशीच खाली बसली.

पुढं सारं जिथल्या तिथं झालं. कुऱ्हाडी परत गेल्या. मनोऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठून तळं झालं. राजानं पंडितांना गच्चीवरून उतरवून सादवनात धाडलं, तेही गुडघ्यांवर. आणि त्यांच्या अहवालांत प्रथमच मातीचे डाग दिसू लागले. वाट चुकलेल्यांना पुन्हा वाटा सापडू लागल्या. टिटवी मात्र अजून पाय वर करूनच झोपते. तिचं म्हणणं, एकदा झालं ते पुन्हाही होऊ शकतं.

पण हे नंतरचं. त्या सकाळी चौकात जो तो कुणाला ना कुणाला हाक मारत होता आणि चहूकडून ओ येत होती. वेणा रिकाम्या पातेल्यापाशी उभी होती. भावाच्या वाट्याच्या घुगऱ्या तिनंच द्रोणात घालून पाठवल्या होत्या. राजानं त्या खाल्ल्या की नाही, हे तिनं पाहिलं नव्हतं. पाहायचा धीर झाला नव्हता. राजा पाठमोरा उभा होता.

मुक्या माळावर मारायची तशी, आशा न धरता, ती हळूच म्हणाली, "दादा."

आधी पाळण्याच्या दोरीवरून आवाज आला, "ओ." मग लांब सादवनातून, झुडपाझुडपाच्या बुंध्यातून, "ओ... ओ..." आणि ते सारं विरल्यावर, हातातला रिकामा द्रोण तसाच धरून, राजा वळला.

"ओ, वेणू," तो म्हणाला. "काय गं?"

वेणाला सांगायचं पुष्कळ होतं. वर्षभराचं होतं. पण त्या क्षणी तिला त्यातलं काहीच आठवेना.

"काही नाही," ती म्हणाली. "सहज."